कव्हरला किती गुण, गाण्यांना किती? मामाच्या खोक्यातले रॉक अल्बम

मागची बाजू (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, चहा घेऊनच बसा.

वैशाखात आमच्या जेलरोडच्या गच्चीवर आईच्या कुरडया वाळत असतात. यंदा त्यांच्या शेजारी, पाण्याच्या टाकीच्या सावलीत, मी चटई टाकून रेकॉर्डची कव्हरं मांडली. नुसती कव्हरं. तबकड्या आत कपाटात उभ्या.

सगळा ऐवज मामाचा. मामा तीस वर्षं नाशिकरोड ते व्हीटी अप-डाऊन करायचा. पगाराच्या आठवड्यात काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसला नाहीतर चोरबाजारात चक्कर ठरलेली. परतताना पंचवटी एक्सप्रेसमध्ये ती एलपी मांडीवर उभी धरून आणायची. वरच्या रॅकवर ठेवायची नाही, कुणाची बॅग तिच्यावर पडली म्हणजे? प्रत्येक कव्हरच्या मागे उजव्या कोपऱ्यात निळ्या शाईत घेतल्याची तारीख. मामा गेल्यावर मामीने खोका माझ्या हवाली केला. त्रेचाळीस एलपी. दोन पावसाळे तो ओल धरलेल्या भिंतीला टेकून राहिला आणि पुठ्ठ्यांवर बुरशीचे पांढरे ठिपके उठले. म्हणून हा सगळा उद्योग.

मऊ सुती फडक्याने कोरडंच पुसत बसलो आणि तीन तास उठवेना. ही गाणी मी पंचवीस वर्षं ऐकतोय, पण आवाज बंद ठेवून नुसती कव्हरं एकाशेजारी एक अशी कधी बघितली नव्हती. फूटभर लांब, फूटभर रुंद चित्र. मोबाइलवर तेच चित्र नखाएवढं होतं.

माझं म्हणणं असं: कव्हर हे अल्बमचं पहिलं गाणं असतं. सुई टेकायच्या आधी ते वाजायला लागतं. म्हणून त्याला वेगळे गुण मिळाले पाहिजेत. मी दिले. दहापैकी कव्हरला, दहापैकी गाण्यांना. भांडायला या.

सुरुवात गाईपासून. पिंक फ्लॉइडचा १९७० चा 'ॲटम हार्ट मदर'. कुरणात एक गाय उभी आहे आणि मान वळवून आपल्याकडे बघतेय. बँडचं नाव नाही, अल्बमचं नाव नाही. स्टॉर्म थॉर्गरसन आणि ऑब्री पॉवेल या जोडगोळीच्या हिप्नोसिस या संस्थेचं हे काम. लंडनच्या उत्तरेला पॉटर्स बारजवळ थॉर्गरसनला दिसलेली ही गाय, नाव लुलुबेल तिसरी. आईने कुरडया उलटता उलटता वाकून बघितलं आणि म्हणाली, "एचएफ आहे. चांगली पोसलेली दिसते." आईचं माहेर सिन्नरकडचं, गोठ्यातच वाढलेली. तिचं बरोबर होतं, गाय होल्स्टीन फ्रिजियनच आहे. कव्हरला दहापैकी दहा. गाण्यांना सहा. पहिल्या बाजूची ती वीस मिनिटांवरची पितळी वाद्यांची रचना मला आजही तुकडे जोडल्यासारखी वाटते, आणि पुढे बँडमधल्या वॉटर्स आणि गिल्मोर या दोघांनीही तिला फारसं जवळ केलं नाही. पण त्या गाईच्या नजरेत जी शांतता आहे ती मला इतर कुठल्याच कव्हरवर सापडली नाही.

दुसरं, जिमी हेंड्रिक्सचं 'ॲक्सिस: बोल्ड ॲज लव्ह', १९६७. यावर विश्वरूप दर्शन आहे. आपल्याकडच्या कॅलेंडरवर असतं ना, तेच, अनेक मुखांचं, अनेक हातांचं विष्णूचं रूप, फक्त मध्यभागी हेंड्रिक्स आणि त्याचे दोन साथीदार. आईने ते चटईवर बघितलं आणि एक शब्द न बोलता उचलून पाटावर ठेवलं. मला तिचं पटलं, मी ते पुन्हा खाली ठेवलं नाही. हेंड्रिक्सला स्वतःला हे कव्हर रुचलं नव्हतं. त्याच्या घराण्यात चेरोकी, म्हणजे अमेरिकेतल्या आदिवासींचं, रक्त असल्याचं सांगतात. 'इंडियन' म्हणजे त्याला तिकडचे आदिवासी अभिप्रेत होते, आणि कंपनीने आपले देव छापले. आपले दादासाहेब फाळके त्र्यंबकचे. सिनेमात येण्याआधी ते राजा रविवर्म्यांच्या छापखान्यासाठी काम करायचे. देवांच्या रंगीत छापील तसबिरी घराघरांत पोचवण्यात त्या छापखान्याचा मोठा वाटा. त्याच परंपरेतलं एखादं चित्र लंडनला पोचतं, तिथून पुन्हा छापून चोरबाजारात येतं आणि पंचवटीच्या डब्यातून नाशिकला परत येतं. हा प्रवास मला भारी वाटतो. कव्हरला सात, कारण सुंदर आहे पण त्या माणसाचं नाही. गाण्यांना साडेनऊ.

आता उलटं उदाहरण. डीप पर्पलचं 'मशीन हेड', १९७२. गाणी दहा. कव्हर चार. चकचकीत धातूच्या पत्र्यात बँडचे चेहरे वेडेवाकडे दिसतात, बस. अरे, ४ डिसेंबर १९७१ ला माँत्रोचा कॅसिनो तुमच्या डोळ्यांसमोर जळला, जिनिव्हा सरोवरावर धूर पसरलेला तुम्ही बघितलात, त्यावर जगाला पाठ असलेलं गाणं केलंत, आणि कव्हरवर पत्रा? तो धूर हवा होता. सरोवर, वर धूर, बाकी काही नाही. मामाला हे सांगायचं राहिलं.

आणि पिंक फ्लॉइडचाच 'द डार्क साइड ऑफ द मून', १९७३. याला दोन्हीकडे दहा, यात वाद घालायचा असेल तर घाला, मी हलणार नाही. मात्र एक सांगा, किती जणांनी त्यातल्या लोलकातून फुटणारे रंग मोजलेत? मी गच्चीवर बोट ठेवून मोजले. सहा. इंद्रधनुष्यातला पारवा गाळलेला आहे. कव्हर उघडलं की आत तोच पट्टा पुढे जातो आणि त्यात हृदयाचा ठोका उठतो, अल्बम ज्या ठोक्याने सुरू होतो आणि ज्या ठोक्यावर संपतो तोच. मागे उलटा लोलक किरण पुन्हा गोळा करतो. चित्र कुठे संपतच नाही. जॉर्ज हार्डीचं रेखाटन आहे. इतक्या कमी रेघांत इतकं सांगणारं दुसरं कव्हर दाखवा.

जाता जाता एक कोडं. खोका रिकामा केला तेव्हा तळातून पुठ्ठ्याचा एक चौकोनी तुकडा निघाला. साडीच्या खोक्याचा, कात्रीने नीट एलपीच्या मापाचा कापलेला. एका बाजूला छापलेलं अर्धवट '...ठणी'. मध्यावर उभा घासल्याचा पट्टा आणि त्याच्या टोकाला सुपारीहून लहान खळगा. मामा उगीच काही ठेवणाऱ्यातला नव्हता. कुणाला काही सुचतंय?

पिवळी सायकल

वाचनखूण साठवली. आमच्या घरी कव्हरवरून एकच वाद, 'ॲबी रोड'.

८ ऑगस्ट १९६९. इयन मॅकमिलन शिडीवर चढला, पोलिसाने गाड्या थांबवल्या, दहा मिनिटांत सहा फोटो, त्यातला एक निवडला. संपलं काम. बीटल्सचं नाव पुढे छापलंच नाही. चौघंही कसे एकाच क्षणी पाऊल टाकताना टिपलेत बघा, आणि पॉल अनवाणी.

कॉलेजला असताना आम्ही चौघांनी मेहेर सिग्नलला हे करून बघितलं. पहाटे साडेपाचला, दुधाच्या गाड्या सोडल्या तर रस्ता मोकळा. आणखी एक मैत्रीण कॅमेरा घेऊन दुभाजकावर. छत्तीसचा रोल अख्खा संपवला तरी पावलं एकाही फोटोत जुळली नाहीत. तेव्हा कळलं की ते सहा फोटो म्हणजे काय चीज आहे. माझे गुण: कव्हर दहा, गाणी दहा, आणि पोलिसाला वेगळे दोन.

निफाडची द्राक्षं

धागा आवडला, पण मूळ मुद्दा अमान्य.

कव्हर म्हणजे वेष्टन. द्राक्षाच्या पेटीवर कितीही सुरेख चित्र छापा, आत मणी गळलेले असतील तर व्यापारी दर पाडणारच. रॉक मी ऐकायला शिकलो तो कव्हरांशिवाय. १९९६-९७ ची गोष्ट. ओझरला राहणारा एक मित्र, त्याच्या भावाकडे मुंबईहून कॅसेट यायच्या. आम्ही नव्वद मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर भरून घ्यायचो, एका बाजूला मेटॅलिकाचं 'मास्टर ऑफ पपेट्स', दुसऱ्या बाजूला आयर्न मेडनचं 'पॉवरस्लेव्ह'. जागा संपली की शेवटचं गाणं मध्येच तुटायचं. आजही मूळ रेकॉर्डवर ते गाणं पुढे गेलं की मला दचकायला होतं.

कव्हर नव्हतं म्हणून काय अडलं? कान तयार झालेच ना?

एक मात्र कबूल करतो. आतल्या कोऱ्या पट्टीवर आम्ही बॉलपेनने आयर्न मेडनच्या कव्हरांवरचा एडी काढायचो. डेरेक रिग्जने रंगवलेलं ते भूत आम्ही एकदाच, मित्राच्या भावाकडे, धावतं बघितलं होतं. 'पॉवरस्लेव्ह'वर त्याचं इजिप्तमधल्या फेरोसारखं दगडी शिल्प आहे. मी आठवेल तसा काढला. दात जास्त आले, मुकुट कमी आला. ती कॅसेट अजून आहे माझ्याकडे.

मागची बाजू (धागाकर्ता)

@निफाडची द्राक्षं, वेष्टनाचा मुद्दा मी मानत नाही, पण तुमचं बाकीचं सगळं मानतो. कान कव्हराशिवाय तयार होतो हे खरं. मीसुद्धा 'पॉवरस्लेव्ह' आधी ऐकला आणि कव्हर दहा वर्षांनी बघितलं. त्या कॅसेटच्या पट्टीचा फोटो टाका. मूळ कव्हरला मी नऊ दिले होते, तुमच्या एडीला काय द्यायचे ते बघून सांगतो.

खोडदची वाट

पुण्याला जाता-येता नारायणगाव लागतं, तिथून आत खोडदला जीएमआरटी, म्हणजे रेडिओ दुर्बीण. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाशाकडे तोंड करून बसलेल्या. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला तिथे लोकांसाठी प्रदर्शन असतं. मी शाळेतल्या मुलांना घेऊन जाते.

एका वर्षी एका मुलाच्या टी-शर्टवर काळ्यावर पांढऱ्या डोंगररांगा होत्या. जॉय डिव्हिजनचं 'अननोन प्लेझर्स', १९७९. त्याला वाटत होतं ते सह्याद्रीसारखे कुठले तरी डोंगर आहेत. मी म्हटलं, बाळा, तू ज्या तबकड्या बघायला आलायस त्या हेच ऐकतात. ते डोंगर नव्हेत, पल्सार आहे, ठरावीक वेळाने रेडिओ ठोके देणारा मृत तारा. जोसलिन बेल यांनी १९६७ मध्ये केंब्रिजला शोधलेला पहिला पल्सार, सीपी १९१९. दर १.३४ सेकंदाला एक ठोका. एकेका ठोक्याची एकेक रेघ, अशा ऐंशी रेघा एकाखाली एक रचल्या की हे चित्र होतं. मूळ आलेख हॅरल्ड क्राफ्ट या संशोधकाचा, अरेसिबोच्या दुर्बिणीवरच्या नोंदींतून काढलेला. तो खगोलशास्त्राच्या एका कोशात छापला गेला, तिथून बँडकडे आला आणि पीटर सॅव्हिलने पांढऱ्यावरचं काळं उलटवून काळ्यावरचं पांढरं केलं. एवढाच फरक.

मग मुलांकडून बाकावर तो ठोका वाजवून घेतला. एक, थांबा, एक, थांबा. तीस मुलं. मृत ताऱ्याची लय पिंपळाखाली बसून वाजवली आम्ही. दोन मिनिटं कुणी चुकलं नाही.

कव्हरला मी दहाच्या वर देऊ शकत असते तर दिले असते. गाण्यांना आठ, माझ्या कानाला ती फार थंड लागतात.

डावखुरा ढोल

+१ खोडदची वाट. अंगावर काटा आला.

मी ढोलपथकात वाजवतो, त्यामुळे माझा देव जॉन बॉनहॅम. लेड झेपलिनचा चौथा अल्बम, १९७१. त्यावरही नाव नाही. 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'चे ते ढोल हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घरात वाजवलेत. ड्रम जिन्याच्या तळाशी आणि माइक दोन मजले वर टांगलेले. नाशिक ढोल ज्याने जुन्या वाड्याच्या चौकात ऐकलाय त्याला हे समजवावं लागत नाही. मोकळ्या मैदानात ढोल नुसता मोठा वाजतो, वाड्यात तो वरच्या सज्ज्याला आदळून परत अंगावर येतो. आम्ही तिळभांडेश्वर लेनमधल्या एका वाड्यात सराव करायचो तेव्हा पहिल्या टोल्याला पारवे उडायचे.

आता कव्हर. भिंतीचे पापुद्रे सुटलेत, त्यावर एक तसबीर टांगलेली. पाठीवर मोळी घेतलेला म्हातारा. ती तसबीर रॉबर्ट प्लांटला रेडिंगमधल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात मिळाली होती. पन्नास वर्षं कुणाला ठाऊक नव्हतं हा कोण. २०२३ मध्ये मूळ फोटो सापडला. तो विल्टशरमधल्या मिअर गावचा लॉट लाँग, व्हिक्टोरिया राणीच्या काळातला, छपरं शाकारणारा. पेठ-सुरगाण्याकडे अजून पावसाआधी शाकारणी चालते, तशी पाठीवर मोळी घेऊन चालणारी माणसं मी दर वर्षी बघतो. त्यांच्यातल्या कुणाची तसबीर एवढ्या मोठ्या अल्बमवर लागली असती तर त्यांना कधी कळलं असतं का? लॉट लाँगलाही कळलं नाही.

कव्हर दहा. गाणी दहा. तो ढोल अकरा.

लाल शाई

पाच प्रतिसाद झाले आणि अजून एकाही बाईचं नाव कव्हरच्या संदर्भात आलं नाही (जोसलिन बेल सोडून, त्याबद्दल खोडदच्या ताईंचे आभार). म्हणून लिहिते.

बीटल्सचं 'सार्जंट पेपर', १९६७. सगळे म्हणतात पीटर ब्लेकचं कव्हर. ते पीटर ब्लेक आणि जॅन हॉवर्थ या दोघांचं आहे. ग्रॅमीसुद्धा दोघांना मिळालं. कव्हरवरच्या गर्दीतल्या कापडी बाहुल्या तिच्या हातच्या. त्या गर्दीत आपले चार योगी आहेत, युक्तेश्वर गिरी, महावतार बाबाजी, लाहिरी महाशय आणि परमहंस योगानंद, जॉर्ज हॅरिसनने सुचवलेले. पुढे फुलांच्या ओळीत लक्ष्मीची छोटी मूर्तीही आहे. गांधीजी होते, पण भारतात लोक दुखावतील या भीतीने कंपनीने त्यांना काढायला लावलं. मला वाटतं आपण दुखावलो नसतो.

द क्लॅशचं 'लंडन कॉलिंग', १९७९. पॉल सिमोननने बास गिटार स्टेजवर आपटली तो क्षण पेनी स्मिथने टिपला. फोटो धूसर आला म्हणून तिला तो वापरायचा नव्हता. गुलाबी-हिरवी अक्षरं एल्व्हिसच्या १९५६ च्या पहिल्या एलपीवरून घेतली आहेत. धूसर आहे म्हणूनच तो फोटो जिवंत आहे, असं माझं मत.

आणि माझा सगळ्यात लाडका, पॅटी स्मिथचा 'हॉर्सेस', १९७५. रॉबर्ट मॅपलथॉर्पने काढलेला कृष्णधवल फोटो. पांढरा शर्ट, खांद्यावर टाकलेला कोट, खिडकीतून आलेला उजेड. कंपनीला तिचे केस नीटनेटके करायचे होते. ती नाही म्हणाली. मी हा फोटो पहिल्यांदा बघितला तेव्हा एकोणीस वर्षांची होते. मला बघायला येणार म्हणून घरात लगबग चालली होती. त्या दिवशी मी केसांना तेल लावलं नाही आणि वेणीही घातली नाही. पुढचं सांगत नाही, ते या धाग्याचं नाही. कव्हर दहा, गाणी दहा.

मागची बाजू (धागाकर्ता)

@लाल शाई, चूक मान्य. मीही आजवर ब्लेकचंच नाव घेत आलो. तुमचा प्रतिसाद वाचून आत गेलो आणि 'सार्जंट पेपर' पुन्हा बाहेर काढलं. लक्ष्मी सापडली. इतकी वर्षं माझ्या नजरेतून सुटली होती. आईला दाखवली, आता तेही कव्हर पाटावर गेलं आहे. हेंड्रिक्स आणि बीटल्स शेजारी शेजारी.

@डावखुरा ढोल, ढोलावरून घंटा आठवली. एसी/डीसीचं 'बॅक इन ब्लॅक', १९८०. गायक बॉन स्कॉट त्याच वर्षी गेला, म्हणून कव्हर अख्खं काळं, सुतकाचं. कंपनीच्या आग्रहाखातर अक्षरांना फक्त करडी कडा. आणि सुई टेकली की आधी घंटा वाजते, सावकाश. मामाने मला हे पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा मी आठवीत होतो. तो म्हणाला, "ऐक, नारोशंकराची घंटा." दुसऱ्या दिवशी सायकलवर डबलसीट रामकुंडावर घेऊन गेला आणि ती खरी घंटा दाखवली, वसईच्या लढाईनंतर पोर्तुगीजांकडून आलेली म्हणतात ती. लहानपणी भसाड्या आवाजाच्या माणसाला नारोशंकराची घंटा म्हणतात एवढंच मला माहीत होतं. तेव्हापासून ते काळं कव्हर बघितलं की मला गोदावरीचा ओला दगडी घाट दिसतो. याला मी पहिलं गाणं म्हणतो.

एकलहरे पासिंग

कुणीच पिंक फ्लॉइडच्या 'ॲनिमल्स'चं नाव कसं घेतलं नाही? १९७७. लंडनमधल्या बॅटरसीचं वीज केंद्र, चार धुराडी, मध्ये हवेत तरंगणारं फुग्याचं डुक्कर. आम्ही एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या वसाहतीत वाढलो, खिडकीतून रोज धुराडी. त्यामुळे हे कव्हर मला घरचा फोटो वाटतो. ३ डिसेंबर १९७६ ला तो फुगा दोर तोडून सुटला, विमानांच्या वाटेत गेला आणि शेवटी केंटमधल्या एका शेतात उतरला. कव्हरवरचं डुक्कर नंतर फोटोवर फोटो जोडून बसवलंय. गुण: दहा आणि नऊ.

बाकी मेनरोडला, रविवार कारंजाला लोलकाचे टी-शर्ट ढिगाने मिळतात. घालणाऱ्यांपैकी किती जणांनी अल्बम ऐकलाय? मला त्याचा राग येतो.

पिवळी सायकल

@एकलहरे पासिंग, राग नका करू. माझ्या भाचीने टी-शर्ट आधी घेतला, मग विचारलं हे कशाचं चित्र आहे. रात्री अकराला तिला हेडफोन लावून दिले. घड्याळं वाजली तेव्हा ती खुर्चीतून उडाली. आता माझ्यापेक्षा तिलाच जास्त पाठ आहे.

कागदवाला

अंबडला आमचं पॅकेजिंगचं काम आहे. पुठ्ठ्याचे खोके, छपाई, पंचिंग, पेस्टिंग. रॉक फारसं ऐकत नाही, पण कव्हरबद्दल बोलायचा आम्हालाही हक्क आहे, कारण ती कुणीतरी हाताने जोडली आहेत.

लेड झेपलिनचं 'फिजिकल ग्रॅफिटी', १९७५. न्यूयॉर्कच्या सेंट मार्क्स प्लेसवरची ९६ आणि ९८ नंबरची इमारत. खिडक्या पंच करून कापलेल्या, आतला कागद सरकवला की खिडकीत वेगळी माणसं दिसतात. कागदाच्या माणसाला विचारा यात काय कष्ट आहेत. एवढ्या बारीक खिडक्या म्हणजे डायच्या पात्याला किती वळणं! पातं जरा बोथट झालं की कोपऱ्याला धागे सुटतात, जोर जास्त झाला की दोन खिडक्यांमधला पुठ्ठा फाटतो. त्यात आतला कागद एका बाजूला सरकला तर चेहरा अर्धा कापला जातो. इमारत खरी पाच मजली, चौकोनात बसवायला एक मजला उडवलाय, आणि तो कुठे उडवला हे शोधून दाखवा. सफाईला सलाम. 'लेड झेपलिन थ्री'चं चाकही तसंच. पुठ्ठ्याच्या दोन थरांत चकती, मध्ये एक रिव्हेट. रिव्हेट घट्ट बसला तर फिरत नाही, सैल राहिला तर भोकं आणि चित्रं जुळत नाहीत. जिमी पेजला ते कव्हर आवडलं नव्हतं म्हणे. मला आवडतं.

आता तुमचा पुठ्ठा. मामांकडे रोलिंग स्टोन्सचं 'स्टिकी फिंगर्स' आहे का? १९७१ चं, खऱ्या चेनवालं? कल्पना अँडी वॉरहॉलची: जीन्सचा फोटो आणि त्यावर वर-खाली होणारी खरी चेन. आमच्या धंद्यात हा किस्सा मी शिकाऊ पोरांना सांगतो. माल गठ्ठ्याने रवाना झाला, वरच्या वजनाने चेनचा खटका रेकॉर्डमध्ये रुतला आणि 'सिस्टर मॉर्फीन' या गाण्यावर खळगा पडायला लागला. तेव्हा हे कव्हर तयार करणाऱ्या क्रेग ब्राउनने उपाय काढला. पाठवतानाच चेन अर्धी खाली ओढून ठेवायची, म्हणजे खटका मधल्या लेबलवर येतो आणि गाण्याला धक्का लागत नाही. वस्तू सुंदर केली पण ती गठ्ठ्यात कशी राहील याचा विचार मागाहून केला, असं पुष्कळदा होतं.

तुमच्या पुठ्ठ्यावरचा खळगा मध्यावर आहे ना? चेन लावून बघा.

लाल शाई

@कागदवाला, फार सुंदर लिहिलंत. त्याच अल्बमसोबत स्टोन्सची ती लाल जीभ पहिल्यांदा आली. जॉन पाश या विद्यार्थ्याने काढलेली. मिक जॅगरने त्याला कालीमातेचं चित्र दाखवलं होतं, तिथून ती सुचली. मुंबई नाक्याच्या कालिकेच्या यात्रेत त्या जिभेचे टी-शर्ट घातलेली पोरं रांगेत उभी दिसतात, तेव्हा मला फार छान वाटतं.

निफाडची द्राक्षं

एडीचा फोटो टाकला आहे. शाई थोडी फुटली आहे, सांभाळून घ्या. आणि कागदवाल्यांचा प्रतिसाद वाचून वेष्टनाबद्दलचं माझं वाक्य मी मागे घेतो. त्यात माझ्या लेखी वेष्टन बनवणारा माणूसच नव्हता.

मागची बाजू (धागाकर्ता)

एडीला नऊच. जास्तीचे दात धरून.

@कागदवाला, तुमचा प्रतिसाद वाचला तेव्हा रात्रीचे साडेदहा झाले होते. तसाच उठून कपाट उघडलं. 'स्टिकी फिंगर्स' आहे, चोरबाजारातली ब्रिटिश प्रत, मागे तारीख १४ नोव्हेंबर १९८३. चेन अर्ध्यावर ओढलेली. पुठ्ठा कव्हरवर ठेवला. घासल्याचा पट्टा चेनच्या दातांवर बसला आणि खळग्यात खटका. किंचितही फट राहिली नाही. म्हणजे मामाने चेन अर्ध्यावर ठेवली होती, शिवाय खोक्यात शेजारच्या कव्हरला दात लागू नयेत म्हणून मध्ये हा पुठ्ठा घातला होता. शेजारी काय असायचं तेही कळलं. खोक्यातला मामाचा क्रम मी कागदावर उतरवून घेतला होता, त्यात पुढचंच 'ॲक्सिस' आहे.

सकाळी मामीला फोन केला. पुठ्ठ्यावर '...ठणी' लिहिलंय म्हटल्यावर ती एकदम म्हणाली, "अरे, तो माझ्या येवल्याच्या पैठणीचा खोका! लग्नातली पैठणी. मी घरभर शोधला होता. हे म्हणाले, रद्दीत गेला असेल."

मग ती बराच वेळ हसत होती. रविवारी येतेय, ती पैठणी घेऊन. पुठ्ठा तिला दाखवून परत त्याच जागी ठेवणार आहे. 'सिस्टर मॉर्फीन' काल रात्री लावलं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदाही सुई उडाली नाही.